बोंडाच्या आत भिंत चढते तेव्हा

अमेरिकन कापसाचं फूल पहिल्या दिवशी पांढरट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. ते पांढरं असतानाच आत धाग्याची सुरुवात होते. ज्याची पुढे सरकी होणार, त्या बीजांडाच्या सालीवरची साधारण दर चौथी पेशी फुगून वर येते. एक पेशी, एक धागा. ती विभागत नाही. तीन आठवडे नुसती लांबत राहते, अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत.

या टप्प्यावरचा धागा लांब असला तरी कच्चाच. विसाव्या दिवसाच्या आगेमागे पेशी आतून भिंत चढवायला घेते. पक्व धाग्यात ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं, ते बहुतेक याच काळात भरतं. हे काम सेल्युलोज सिंथेज या विकराचं. पेशीच्या पटलात बसून ते ग्लुकोजचे रेणू एकामागून एक जोडत साखळी बाहेर सोडतं.

वनस्पतींमधली या विकराची जनुकं बरीच वर्षं हुलकावणी देत होती. १९९६ मध्ये ती हाती लागली, तीही कापसातच. डेबोरा डेल्मर आणि सहकाऱ्यांनी भिंत चढण्याच्या दिवसांतल्या धाग्यात कोणती जनुकं जागी आहेत ते तपासलं. त्यांतल्या दोघांचं सेल्युलोज बनवणाऱ्या जिवाणूंच्या जनुकाशी नातं जुळलं.

आज आपण जाणतो, की हे मोठं घराणं आहे आणि त्यात कामं वाटलेली आहेत. पेशी लांबताना पातळ भिंत विणणारी जनुकं वेगळी. जाड भिंतीसाठी ४, ७ आणि ८ क्रमांकाची तीन. त्यांची विकरं एकाच संचात बसतात. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यात त्यांतलं एक जरी बिघडलं, तरी पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या भिंती आत दबतात. अमेरिकन कापूस दोन पूर्वजांच्या संकरातून आलेला, त्यामुळे त्याच्यात दोघांकडचीही जनुकं आहेत आणि वाण सुधारणाऱ्यांचं काम तेवढंच किचकट होतं.

लांब धाग्याचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ होतं. भिंतीच्या भरणीकडेही तितकंच लक्ष हवं. रात्री गारठल्या की सेल्युलोज बनण्याचा वेग मंदावतो. उशिरा धरलेल्या बोंडांत मग भिंत अपुरी राहते, मायक्रोनेअर (धाग्याच्या तलमपणाचं आणि पक्वतेचं माप) घसरतो, रुईत गुठळ्या होतात आणि कापडावर रंग नीट चढत नाही. सरकारी हमीभावाची प्रतवारीही लांबीबरोबर मायक्रोनेअर पाहूनच ठरते.