पाजणाऱ्या आईच्या मदतीला कोण?

पन्नासेक वर्षांपूर्वी ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या चाळींत बाळंतिणीला पाजायला शिकवण्यासाठी बाहेरून कुणाला बोलवावं लागत नसे. आई, मावशी, शेजारच्या काकू, मालिशवाली बाई अशा चौघीजणी सतत अवतीभोवती असत. अळिवाची खीर, शेकशेगडी आणि सव्वा महिना आराम ठरलेला. पण याच चौघी पहिला चीक पिळून टाकायला लावत, बाळाला मध चाटवत. पुढे दूध पावडरीचा डबा घरात आला तेव्हा ‘हिला दूध पुरत नाही’ हा निकालही त्यांनीच दिला.

त्या डब्याला लगाम बसायला वेळ लागला. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने दूधपर्यायांच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. १९८९ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मानवी दूधपेढी उभी राहिली. डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात ‘बीपीएनआय’ ही स्तनपानाचा पुरस्कार करणारी संस्था स्थापन झाली आणि १९९२ मध्ये कायदा आला. जाहिराती, फुकट नमुने, डब्यावरचं गुटगुटीत बाळाचं चित्र, सगळं बंद.

सल्लाही मधल्या काळात बदलला. २००१ पर्यंत ‘चार ते सहा महिने फक्त अंगावरचं’ असं सांगत. त्यानंतर पूर्ण सहा महिने. नव्वदच्या दशकात बाळंत झालेली बाई आज आजी आहे. नातवाला चौथ्या महिन्यात पेज देऊ या, असं ती म्हणते ते अडाणीपणातून नव्हे; तिला तिच्या डॉक्टरांनी तेच सांगितलेलं असतं.

आकडे मात्र दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान सहा महिन्यांखालच्या निव्वळ स्तनपानाचं देशातलं प्रमाण ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेलं. जन्मानंतर तासाभरात पाजण्याचं प्रमाण ४१.६ वरून जेमतेम ४१.८ झालं. सिझेरियन १७.२ वरून २१.५ टक्के झाली. घरांना पटलंय, अडतंय ते पहिल्या तासांत आणि पहिल्या आठवड्यात.

नेमक्या याच फटीत लॅक्टेशन कन्सल्टंट आली. दोन खोल्यांच्या घरात टाके दुखणारी आई, रडणारं बाळ आणि दाराशी बाटली घेऊन उभी सासू, असा देखावा तिला नवा नसतो. ती आधी आईच्या पाठीला आणि हाताखाली उशा लावते. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवते, किंवा टाक्यांवर भार नको म्हणून त्याला काखेखालून धरायला लावते. तोंड मोठं उघडलं की बाळाला पटकन जवळ घ्यायचं. तोंडात फक्त टोक नाही, भोवतालचा काळा भागही गेला पाहिजे. दुखणं थांबलं की आईचे खांदे आपोआप खाली येतात. ‘दूध पुरतंय का?’ याचं उत्तर ती ओली लंगोटी आणि वजनकाट्यावर सोपवते.

रजा संपली की पुढचा पेच. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. पण डोंबिवलीहून आठ-सतराच्या लोकलमध्ये तान्हं घेऊन फोर्टच्या पाळणाघरात कोण नेणार? म्हणून दूध काढून ठेवणं आणि ते वाटी-चमच्याने पाजायला घरच्यांना शिकवणं, हाही या सल्ल्याचाच भाग झाला.

ही मदत फी परवडणाऱ्यांपुरती राहू नये, एवढंच. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांच्या हातून सिद्ध केली, २०११ पासून देशभर आशाताई त्याच धर्तीवर घरभेटी देतात. या भेटीत वजनाच्या नोंदीइतकाच वेळ बाळ पितं कसं हे पाहण्याला मिळाला, आणि पालिकेच्या प्रसूतिगृहात सुट्टी देण्याआधी कुणी शेजारी बसून एकदा नीट पाजून घेतलं, तर चाळीतल्या त्या चौघींची उणीव वस्तीतही भरून निघेल आणि टॉवरमध्येही.