लहान उपग्रह आणि खर्चाची शिस्त

कृत्रिम उपग्रह म्हटला म्हणजे सरकारी तिजोरी, प्रचंड कारखाने व शास्त्रज्ञांचा मोठा ताफा, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेल्या ‘स्वयम्’ या उपग्रहाचे वजन मात्र अवघे ९९० ग्रॅम होते. २२ जून २०१६ रोजी तो श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. असे काम थोडक्या पैशांत कसे साधते, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट मापाची. १९९९ साली अमेरिकेतील प्राध्यापक बॉब ट्विग्ज व जॉर्डी पुइग-सुआरी यांनी विद्यार्थ्यांच्या उपग्रहांसाठी १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे माप ठरविले. माप ठरले की उपग्रह सोडण्याची पेटी दर वेळी नवी घडवावी लागत नाही. एकाच साच्यातून अनेक विटा निघाव्यात, तसाच हा प्रकार होय.

दुसरी गोष्ट सोबतीची. एवढ्याशा उपग्रहासाठी स्वतंत्र अग्निबाण कोणासच परवडणार नाही. ‘स्वयम्’च्या अग्निबाणात एकूण २० उपग्रह होते, त्यांतील मुख्य उपग्रह ७०० किलोग्रॅमहून अधिक वजनाचा होता. अर्थात सोबत्याला आपली वेळ व कक्षा निवडता येत नाही. मुख्य प्रवासी निघेल तेव्हाच निघावे लागते.

तिसरी गोष्ट साधेपणाची. ‘स्वयम्’ची दिशा स्थिर राहावी म्हणून त्यात लोहचुंबक बसविला होता. होकायंत्रातील सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतो. त्यास वीज लागत नाही. यंत्रणा जितकी थोडी, तितकी बिघडण्याची ठिकाणेही थोडी.

परंतु काटकसर कोठे करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. वर गेलेला असा उपग्रह दुरुस्तीसाठी खाली आणता येत नाही. म्हणून अग्निबाणाचे हादरे, निर्वात पोकळी व कडक ऊन-थंडी यांची परीक्षा जमिनीवरच घ्यावी लागते. येथे वाचविलेले पैसे पुढे साऱ्या कामावर पाणी फिरवू शकतात. शिवाय विद्यार्थी उत्तीर्ण होऊन निघून जातात. त्यांनी काय केले व का केले, याची टिपणे मागे राहिली नाहीत, तर नव्या तुकडीला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. वही लिहिण्यास खर्च जवळजवळ नाही, पण तीच सर्वांत आधी टाळली जाते. लहान उपग्रहाच्या व्यवस्थापकाने प्रथम ती वही उघडावी.