पऱ्ह्यांचा सिनेमा

वर्गात सिनेमा शिकवायला स्टुडिओ लागत नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट टिपत ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. त्यावर भांडवल उभं राहिलं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

भंडाऱ्यात हाच धडा धानाच्या पऱ्ह्यांवर, म्हणजे रोपांवर घेता येईल. मोबाइल एका जागी पक्का बसवायचा, दिवसाउजेडी तासाला एक, असे रोज १२ फोटो काढायचे. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर २४ दिवसांचे २८८ फोटो म्हणजे अवघे १२ सेकंद! ढग आले की मोबाइल आपोआप उजेड बदलतो, चित्र लुकलुकतं. एक्स्पोजर लॉक केलेलं बरं.

पुढे माणसांचा सिनेमा करायचा झाला, तर अभिनयाची चिंता नको. मंडईच्या जत्रेत रात्रभर इथल्या झाडीपट्टी रंगभूमीची नाटकं पाहणारी पोरं ती; कॅमेऱ्यापुढे आवाज खाली आणायलाच शिकवावं लागेल.