क्षुब्ध आतडे आणि पथ्याची कसोटी

पोटात वारंवार कळ येते, पोट फुगते, कधी जुलाब तर कधी मलावरोध होतो. परंतु तपासणीत आतड्याला व्रण, सूज वा गाठ आढळत नाही. या विकारास ‘इरिटेबल बॉवेल सिन्ड्रोम’, म्हणजे क्षुब्ध आतड्याचा विकार, असे म्हणतात. यात आतड्याच्या हालचाली, त्याची संवेदनशीलता व मेंदूशी असलेला त्याचा संबंध यांत बिघाड होतो. वेदना मात्र काल्पनिक नसते.

रोगी साहजिकच अन्नाला दोष देतो आणि आज दूध, उद्या डाळ, परवा गहू असे एकेक पदार्थ सोडत जातो. या समजुतीत तथ्य किती, याचा पद्धतशीर शोध ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात घेण्यात आला. गहू, कांदा व लसूण यांतील फ्रुक्टान आणि राजमा, हरभरा यांतील काही शर्करा पचविणारे पाचकरस मनुष्याजवळ नसतात; दुग्धशर्कराही अनेकांना पचत नाही. न पचलेल्या शर्करांपैकी काही लघ्वांत्रात पाणी ओढून घेतात. पुढे बृहदांत्रातील जंतू त्यांचे किण्वन करतात व वायू निर्माण होतो. निरोगी माणसातही हे घडते. क्षुब्ध आतड्याला मात्र तो ताण वेदनारूपाने जाणवतो. अशा शर्करांच्या समूहास ‘फॉडमॅप’ हे नाव आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३० रोग्यांना दोन प्रकारचे आहार प्रत्येकी २१ दिवस देण्यात आले. १०० च्या मोजपट्टीवर त्रासाचे माप नेहमीच्या आहारात सुमारे ४५, तर फॉडमॅप अल्प असलेल्या आहारात सुमारे २३ भरले.

परंतु हे पथ्य आयुष्यभराचे व्रत नव्हे. ती एक कसोटी आहे. दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करावयाचे, नंतर एकेक पदार्थ पुन्हा घेऊन पाहावयाचा, आणि जो खरोखर बाधतो तेवढाच मर्यादित ठेवावयाचा. पहिल्याच पायरीवर थांबणाऱ्याचे नुकसान होते. डाळी आणि दूध हाच ज्यांच्या प्रथिनांचा मुख्य आधार, त्या शाकाहारी कुटुंबांत तर ते अधिकच होईल. म्हणून हे पथ्य आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे.

इतर उपचारांचे काय? २०१० साली अमेरिकेतील एका प्रयोगात ८० रोग्यांपैकी काहींना, आत औषध नाही असे स्पष्ट सांगून, गोळ्या देण्यात आल्या. तीन आठवड्यांनी त्यांपैकी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. गोळ्या न घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. यावरून, केवळ ‘गुण आला’ एवढ्याने कोणतेही चूर्ण गुणकारी ठरत नाही, हे उघड होते. त्यासाठी तुलना हवी. अशा तुलनेत गुजरात-राजस्थानात पिकणारा इसबगोल उपयुक्त ठरला आहे. सुया टोचण्याचा उपचार मात्र खोट्या सुयांहून सरस ठरलेला नाही.

मलातून रक्त, अकारण घटणारे वजन, ताप, पंडुरोग किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, ही लक्षणे असल्यास पथ्यात वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. गहू सोडण्यापूर्वी ‘सीलिअ‍ॅक’ रोगाची रक्ततपासणी करून घ्यावी. कारण गहू बंद केल्यावर ती रोग असूनही निर्दोष येऊ शकते. आधी निदान, मग पथ्य, हाच क्रम हिताचा होय.