शीव-माहीमच्या पल्याड

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्याला त्याच वेळात ७३ मिलिमीटर पडला. कलिना-कुर्ल्यात लोक गळ्याएवढ्या पाण्यातून वाट काढत होते, तेव्हा कुलाब्याच्या लेखी तो पावसाळ्यातला एक नेहमीचा दिवस होता. त्या दिवशीचा दुजाभाव ढगांनी केला. पण मुंबई शहर आणि उपनगर यांच्यात माणसांनी, नियमांनी आणि पाइपांनी केलेला दुजाभाव त्याहून खूप जुना आहे. शहरवाल्यांचा तोरा आणि उपनगरवाल्यांची चीड यांच्या मुळाशी तोच आहे, असे मला वाटते.

ही सीमा आजही उघड्या डोळ्यांनी दिसते. अंधेरीहून दादरला निघालेली रिक्षा माहीमच्या अलीकडे, वांद्र्यालाच थांबते. पूर्वेकडे शीवला तसेच. भर पावसात, कडेवर मूल आणि हातात दोन पिशव्या घेऊन बाई उतरतात, पैसे देतात आणि टॅक्सीला हात करत उभ्या राहतात. बेटावरच्या शहरात रिक्षाला परवानगी नाही. ‘बेस्ट’ची लाल बस थेट दहिसरपर्यंत जाते, पण ‘बेस्ट’ची वीज माहीम-शीवलाच संपते. पुढच्या उपनगरांत ती खासगी कंपन्यांकडून येते आणि भांडुप-मुलुंडला महावितरणकडून. महापालिका एक, मालमत्ता कराचे बिल एकाच नावाचे, पण विजेचा दर पत्ता बघून ठरतो.

याची सुरुवात पाण्यापासून झाली. शहराच्या विहिरी-तलाव पुरेनात, म्हणून उत्तरेकडच्या साष्टी बेटावरची जमीन बुडवून १८६० मध्ये विहार तलाव बांधला गेला. १८७९ मध्ये तुळशी झाला, १८९२ मध्ये तानसा. साष्टी तेव्हा मुंबईत नव्हतीच. पाणी दक्षिणेला गेले आणि कचरा उत्तरेला आला. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ मध्ये घातला गेला तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. त्यावर माणसांची गाडी धावायला १९२४ साल उजाडले. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. वांद्र्याचा कत्तलखाना १९७१ मध्ये हलवला, तोही देवनारलाच. शहराला जे डोळ्यांसमोर नको होते, ते एका ठरावीक दिशेनेच सरकत गेले.

वांद्रे, कुर्ला, घाटकोपर यांच्या तेव्हा स्वतःच्या नगरपालिका होत्या. १९५० मध्ये पहिली उपनगरे बृहन्मुंबईत आली आणि १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडला भिडली. नकाशा एक झाला, पण नियम एक झाले नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहराला १.३३ चटईक्षेत्र निर्देशांक होता, म्हणजे भूखंडाच्या १.३३ पट बांधकाम; उपनगरांना १. याच नियमावलीने टीडीआर आणला. रस्त्यासाठी किंवा बागेसाठी आरक्षित जमीन दिली, की मालकाला मोबदल्यात बांधकामाचा हक्क मिळायचा आणि तो विकता यायचा. मात्र शहरात मिळालेला हक्क शहरात वापरायला बंदी होती. तो उतरायचा उपनगरांतल्या भूखंडांवर. पार्ले, मुलुंड, बोरिवली इथले बैठे बंगले आणि दुमजली इमारती पडून सात-सात मजले उभे राहिले, पण गल्लीची रुंदी, गटार आणि स्टेशनचा जिना होता तेवढाच राहिला. मोकळी जागा शहराच्या पदरात पडली, गर्दी उपनगराच्या. उपनगरवाले “आम्हाला काय मिळाले?” असे विचारतात, तेव्हा तो हिशेबाचा प्रश्न असतो.

गिरणगावाची कहाणी याच प्रवाहातली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत परळ-लालबागची कितीतरी कुटुंबे चाळीतली खोली विकून डोंबिवली, नालासोपाऱ्याला गेली. आज गणपतीत हीच मंडळी लालबागला येतात ती पाहुणे म्हणून. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर घसरली, तर उपनगर जिल्ह्याची ८६.४ लाखांवरून ९३.६ लाखांवर गेली. ज्यांना आपण उपनगरवाले म्हणतो, त्यांतले पुष्कळ जण कालचे शहरवालेच आहेत.

शिवाय शहर कोणते, हेही कायमचे ठरलेले नाही. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, तेव्हा दादर हेच उपनगर होते. आता दादरकर अस्सल शहरवाले. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरणारा चढला, की दारातून आवाज येतो, “बोरिवली गाडी नव्हती का?” बोरिवलीकराला तो उद्धटपणा वाटतो. पण विरारकराला पुढे अर्धा तास उभे राहायचे असते आणि बोरिवलीला सुटणाऱ्या गाड्या वेगळ्या असतात, हेही खरे. आधी येऊन स्थिरावलेला आपल्या मागून आलेल्यावर दार लोटतो, हे चर्चगेटपासून बदलापूरपर्यंत सगळीकडे चालू आहे.

दार उघडे ठेवणारी माणसेही याच गावात होऊन गेली. माहीमच्या खाडीवर कॉजवे बांधायला सरकार पैसे देईना, तेव्हा आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. अट अशी, की ये-जा करणाऱ्यांकडून पथकर घ्यायचा नाही. १८४५ मध्ये तो कॉजवे खुला झाला. आपण मात्र दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवर वेशीबाहेरच्यांकडून वर्षानुवर्षे टोल घेतला. छोट्या गाड्यांना तो माफ झाला थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये.

आता मुंबईच्या ३६ आमदारांपैकी २६ उपनगरांचे आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलामुळे कचेऱ्याही उत्तरेला सरकल्या. सत्ता आणि संख्या दोन्ही हाती असताना उपनगरांनी शहराचा हेवा करत बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक प्रभागाला माणशी किती पाणी मिळते, किती मोकळी जागा आहे, कोणाचा कचरा कोणाच्या दारात पडतो, हे महापालिकेने दरवर्षी एका तक्त्यात छापावे, एवढी मागणी या २६ जणांनी लावून धरली तरी पुष्कळ होईल. आणि त्या तक्त्यात एक ओळ शहापूर तालुक्याची हवी. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे तिथे आहेत, तरी उन्हाळ्यात तिथल्या गावपाड्यांवर टँकर जातो. मुलुंड आणि मलबार हिल या दोघांच्याही नळाला येणारे पाणी त्या गावपाड्यांच्या दारावरून वाहत येते. म्हणून शहर-उपनगराची वाटणी नव्याने करायला बसाल, तेव्हा पहिला वाटा शहापूरचा काढा.