स्वयंपाकघरातील दफ्तर

वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, त्यामागे वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या फडताळांत आणि वाण्यांच्या रद्दीत नाश पावत चाललेले जुने कागद वाचवावेत हा हेतू होता, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी मुंबईत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, आणि त्या काळच्या कोणा विद्वानाने त्यांना एका पंक्तीस बसविले असते असेही वाटत नाही. तरीपण जे आजवर कोणाच्या तरी स्मरणावर अवलंबून होते आणि त्या माणसाबरोबरच लोपणार होते, त्याला कागदाचा आधार द्यावा, ही दोन्ही कार्यांची प्रेरणा एकच होती. पहिल्या कार्याचे महत्त्व पुणे शहराने ओळखले. दुसऱ्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र या विद्यानगरीला फार उशिरा आली.

तसे पाहिल्यास अन्नाची दखल घेणारे पंडित पुण्यात झालेच नाहीत असे नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आयुष्य वेचलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलेबीसारख्या पदार्थाचा इतिहास शोधताना रघुनाथाच्या ‘भोजनकुतूहल’ या सतराव्या शतकातील संस्कृत ग्रंथाची साक्ष काढली, आणि तंजावरच्या मराठी राजघराण्याच्या आश्रयाने झालेल्या या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्याच तंजावरात पुढे शरभोजीराजांच्या नावाने ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत लिहिले गेले. परंतु हे सारे राजाश्रयाचे वाङ्मय होय. सामान्य गृहस्थाच्या चुलीपाशी काय शिजत होते, याची छापील नोंद १८७५ साली निघालेल्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’पासून होऊ लागली, आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीने स्वतः लेखणी हाती घेण्यास आणखी काही दशके जावी लागली.

छापील पुस्तकांच्या मागे मात्र हस्तलिखित वह्यांचा एक विशाल संभार आहे, आणि माझ्या मते खरे दफ्तर तेच. सदाशिव-नारायण पेठांतील जुन्या घरांतून अशा वह्या अद्याप सापडतात. हिशेबाच्या लांबट चोपडीत वा मुलांच्या उरलेल्या वहीत, तेलाचे व हळदीचे डाग पडलेल्या पानांवर, गोड्या मसाल्याला धने किती, दगडफूल व नागकेशर किती, मेतकुटाला हरभऱ्याची डाळ किती, याचा तपशील मांडलेला असतो. माझ्या पाहण्यातील एका वहीत अनारशांचे पान आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालावे, रोज पाणी बदलावे, चौथ्या दिवशी उपसून फडक्यावर सावलीत पसरावे, आणि पुरते वाळण्यापूर्वी, हाताला ओल लागत असतानाच कुटावे, असे क्रमवार लिहून झाल्यावर खाली निराळ्या शाईत शेरा आहे की गूळ नवा असेल तर हात आखडता घ्यावा, नाहीतर अनारसा तुपात हसतो. त्याखाली तिसऱ्या हस्ताक्षरात, तसा हसल्यास थोडी कोरडी पिठी मिसळून पीठ पुन्हा मळावे, हा उपाय. तीन पिढ्यांनी एकाच पानावर एकमेकींची केलेली ही रुजुवात वाचताना, एखाद्या जुन्या महजरावरील साक्षी वाचल्याचा आनंद होतो.

या वह्या वाचताना पहिली अडचण येते ती मापांची. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, हे कोष्टक ज्यांच्या तोंडी होते ती पिढी आता जवळजवळ राहिली नाही. १ एप्रिल १९६२ पासून देशात दशमान वजने सक्तीची झाली, तोळा आणि छटाक बाजारातून उठले, आणि आजीच्या वहीतील प्रमाण नातीला अर्थहीन झाले. शिवाय ‘अंदाजाने’, ‘बेताचे’, ‘मुटका वळेल इतपत’ हे जे शब्दप्रयोग त्या वह्यांत पदोपदी येतात, ते जिने सासूच्या शेजारी उभे राहून पाहिले तिलाच कळावेत असे होते. नोकरीनिमित्त परगावी बिऱ्हाड थाटणाऱ्या मुलीला ती सोय उरली नाही.

अशा संधिकाळी, १९७० साली, किर्लोस्कर प्रकाशनाने कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध केले. कमलाबाईंचा जन्म १९१३ साली सांगलीजवळच्या कुंडल गावचा, शाळा चौथीपर्यंत, पाककलेचे शिक्षण सासूबाईंच्या हाताखाली. त्यांनी घरोघरी असलेली वाटी आणि चमचा हीच प्रमाणे धरली. शेर गेला काय आणि किलो आला काय, वाटीला वाटीचे प्रमाण अबाधित राहते, हे व्यवहारज्ञान त्या पुस्तकाच्या पानोपानी आहे. त्याच्या प्रतींचा आकडा लाखाच्या वर गेला, आणि नववधूच्या पाठवणीत ते पुस्तक देण्याची चालच पडली. सासूच्या हाताखाली शिकलेल्या बाईने, ज्या मुलींना तशी सासू लाभणार नव्हती त्यांच्यासाठी केलेले हे काम मला मराठी गद्यातील महत्त्वाच्या कामांपैकी वाटते. त्याला साहित्य म्हणण्यास ज्यांना संकोच वाटतो त्यांनी त्यातील वाक्यांचा नेमकेपणा एकवार तपासून पाहावा.

परंतु दफ्तरात ज्याची नोंद आहे तेवढेच घडले असे कोणी इतिहासकार मानीत नाही. या वह्या ज्या घरांतून लिहिल्या गेल्या त्या घरांत कागद होता, दौत होती, आणि तुपाचा डबाही होता. त्यांत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर यांना स्वतंत्र पाने आहेत. आता त्यांच्या शेजारी बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे दलित आत्मकथन ठेवून वाचावे. किर्लोस्करांच्याच ‘स्त्री’ मासिकातून ते १९८२ साली क्रमशः आले, आणि त्यातील बाळंतीण उपाशी आहे. एकाच प्रकाशनसंस्थेने एका तपाच्या अंतराने ही दोन्ही स्वयंपाकघरे वाचकांपुढे मांडावीत, याला मी त्या संस्थेचे भूषण समजतो.

पुढे २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे, त्यांच्या सहकारी आणि विद्यार्थी यांनी दलितांच्या अन्नविषयक आठवणी व पाककृती एकत्र करून ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’ हे पुस्तक सिद्ध केले. ज्याला आपण बेधडक महाराष्ट्रीय जेवण म्हणतो ते कोणाच्या ताटातले, हा प्रश्न त्यांनी विचारला. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीचे साद्यंत वर्णन केले. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या कशा करीत, कशा साठवीत आणि कशा शिजवीत, हे त्यांनी अनारशाच्या पानाइतक्याच तपशिलाने लिहिले आहे. पाककृती आणि आत्मकथन यांची फारकत येथे करताच येत नाही. पदार्थ सांगावयाचा तर तो खाण्याची वेळ का आली हेही सांगावे लागते. मराठी पाकवाङ्मयात या पुस्तकांची गणना ‘रुचिरा’च्या बरोबरीनेच झाली पाहिजे, वेगळ्या कप्प्यात नव्हे.

पेठांतील वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि सामान हलविताना पहिल्याने रद्दीत जाते ती स्वयंपाकघरातील वही. ती रद्दीत घालू नये, एवढीच वाचकांना विनंती आहे. तिच्यावर ती कोणाच्या हातची, कोणत्या गावची, अंदाजे कोणत्या सालची, हे लिहून ठेवावे. जिच्या घरी वही नाही तिने घरातील वडीलधाऱ्या बाईपाशी बसून, तिची वाटी घेऊन, त्या वाटीत पीठ किती ग्रॅम मावते हेही मोजून, तिच्या शब्दांत लिहून घ्यावे. आणि पुण्यातील ज्या संस्थांनी सरदार-इनामदारांचे कागद रुमालांत बांधून जपले, त्यांनी सर्व जातींच्या व सर्व पेठांच्या या वह्यांसाठीही एक स्वतंत्र दफ्तर उघडावे.