विश्लेषण : ‘मस्त’ आणि ‘अंधुक आलाय’ यांच्या पलीकडे... संध्याकाळच्या फोटोवर उपयोगी अभिप्राय कसा द्यावा?

महाबळेश्वरच्या सहलीत संध्याकाळच्या बाजारपेठेचा फोटो काढण्याचा मोह अनेकांना होतो. दिवे लागलेले असतात, चप्पल आणि चण्याच्या दुकानांपुढे गर्दी असते, हवेत गारवा असतो. फोटो कुटुंबाच्या गटावर येतो. कुणी ‘मस्त’ म्हणते, कुणी ‘अंधुक आलाय’ म्हणते आणि विषय संपतो. फोटो काढणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही. संध्याकाळच्या शहरदृश्यावर नेमके काय बोलावे, कसे बोलावे आणि किती बोलावे, याविषयी...

संध्याकाळचा फोटो इतका अवघड का?

दिवसा प्रकाशाचा स्रोत एकच असतो, सूर्य. संध्याकाळी आकाशाचा उजेड दर मिनिटाला कमी होतो आणि दुकानांचे दिवे मात्र तेवढेच राहतात. दोन्ही एकाच चौकटीत नीट दिसतील असा काळ फार थोडा असतो. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात. लंडनमध्ये जून महिन्यात तो पाऊण तासाहून अधिक टिकतो. महाबळेश्वर विषुववृत्तापासून सुमारे १८ अंशांवर असल्याने येथे सूर्य तुलनेने सरळ खाली उतरतो आणि हा काळ साधारण २२ ते २४ मिनिटांत संपतो. बाजारातल्या फोटोसाठी सर्वांत उपयुक्त वेळ त्याच्या उत्तरार्धात, म्हणजे सूर्यास्तानंतर १५ ते २० मिनिटांनी मिळते. तेव्हा आकाश गडद निळे असते आणि दिवेही डोळ्यांत खुपत नाहीत.

फोटो नेमका कुठे बिघडतो?

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. डिसेंबरमध्ये महाबळेश्वरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पर्यटक सूर्यास्त पाहायला बॉम्बे पॉइंटवर जातात, मग गाड्यांच्या रांगेतून बाजारात परततात. डॉ. साबणे रस्त्यावर मोबाइल बाहेर निघेपर्यंत पावणेसात वाजलेले असतात. आकाश काळे, दुकानांच्या पाट्या पांढऱ्याफटक, चालणारी माणसे पुसट, खालच्या अर्ध्या चौकटीत नुसता डांबरी रस्ता आणि सगळे दृश्य किंचित डावीकडे कललेले. अशा फोटोत चार-पाच दोष सहज सापडतात. पण त्यांतले बहुतेक दोष एकाच कारणाने आलेले असतात : वेळ उलटून गेली होती. उजेड कमी पडला म्हणून मोबाइलने शटर जास्त वेळ उघडे ठेवले किंवा एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र जोडले. त्यात चालणारी माणसे पुसट झाली. काळोखाला उजळ करण्याच्या नादात दिव्यांच्या पाट्या जळाल्या.

अभिप्रायाने नुकसानही होते का?

होते. ॲव्राहम क्लुगर आणि ॲन्जेलो डेनिसी या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरील अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, मात्र एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरली. लक्ष कामावरून उठून माणसाच्या स्वतःवर गेले की असे होण्याचा धोका वाढतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ‘तुला फोटोतले काही कळत नाही’ हा शेरा माणसावर आहे. ‘तू जन्मजात कलाकार आहेस’ हाही माणसावरच आहे. पहिल्याने हौशी माणूस फोटो दाखवणे थांबवतो, दुसऱ्याने तो शिकणे थांबवू शकतो. ‘पाटीवरची अक्षरे जळाली आहेत’ हे वाक्य मात्र फोटोविषयी आहे आणि त्यावर काहीतरी करता येते.

मग सुरुवात कुठून करावी?

अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकृतीवरील चर्चेसाठी चार पायऱ्यांची पद्धत मांडली. आधी पाहणाऱ्यांनी आपल्याला काय भावले ते सांगायचे. मग कलाकाराने प्रश्न विचारायचे. त्यानंतर पाहणाऱ्यांनी मत न लादणारे प्रश्न विचारायचे आणि शेवटी कलाकाराची परवानगी घेऊन मत द्यायचे. ही पद्धत फोटोलाही लागू पडते. भाचीने फोटो पाठवला तर मामाने आधी विचारावे, ‘तुला यात काय दाखवायचं होतं?’ उत्तर ‘गर्दी’ असेल तर पुसट माणसे हा कदाचित दोष नाही, गर्दीच्या धावपळीचा तो भागच आहे. उत्तर ‘पावसाळी निळं आकाश’ असेल तर काळे आकाश हा मोठा दोष ठरतो. हेतू न विचारता दिलेला अभिप्राय बहुधा पाहणाऱ्याच्या मनातल्या फोटोविषयी असतो.

दोष कसा सांगावा?

काय दिसते, ते का झाले आणि पुढच्या वेळी काय करता येईल, या तीन गोष्टी एकत्र याव्यात. ‘एक्स्पोजर चुकलं’ यापेक्षा ‘पाट्या पांढऱ्या झाल्यात, कारण मोबाइलने उजेडाचं माप काळ्या आकाशावरून घेतलं. पडद्यावर पाटीला बोट लावून उजेड थोडा कमी करून बघ’ हे अधिक उपयोगी. जळून पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागात तपशील उरत नाही, तो नंतर दुरुस्तीतही परत येत नाही. अंधाऱ्या भागातून थोडाफार तपशील काढता येतो. म्हणून किंचित काळोखा फोटो जास्त सुरक्षित. सगळेच अस्पष्ट असेल तर हात हलला असावा, तेव्हा भिंतीला किंवा कठड्याला मोबाइल टेकवण्याची सूचना पुरते. स्थिर वस्तू स्पष्ट आणि फक्त माणसे पुसट असतील तर ट्रायपॉडनेही फरक पडणार नाही. दिव्यांभोवती लांबट रेघा असतील तर भिंगावर बोटाचे डाग किंवा धुक्याचा दमटपणा असू शकतो. स्वच्छ रुमालाने ते पुसणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

किती सूचना द्याव्यात?

शक्यतो एक. उद्याची संध्याकाळही जेमतेम वीस मिनिटांचीच असणार आहे. एवढ्या वेळात नवशिका माणूस चौकट, रंग, शटर आणि क्षितिजरेषा असे सगळे एकदम सांभाळू शकत नाही. म्हणून जी सूचना पाळली की बाकीचे दोष आपोआप कमी होतील, ती निवडावी. वरच्या उदाहरणात कलणे आणि जास्तीचा रस्ता नंतर फोटो सरळ करून, कापून सुधारता येतो. गेलेला निळा उजेड परत आणता येत नाही. म्हणून तिथे एकच वाक्य पुरेसे आहे : ‘उद्या बॉम्बे पॉइंटचा सूर्यास्त सोड, सहाला बाजारातच उभी राहा आणि सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान फोटो काढ.’ मे महिन्यात हीच वेळ सुमारे तासाभराने पुढे जाते.

कौतुक करायचेच नाही का?

जरूर करावे, पण नेमके. ‘छान’ म्हटल्याने पुढच्या वेळी काय टिकवायचे ते कळत नाही. ‘चण्याच्या दुकानातला पिवळा उजेड माणसांच्या चेहऱ्यावर पडलाय, तिथे नजर थांबते’ असे म्हटले की काढणाऱ्याला आपल्या फोटोतली जमेची जागा सापडते. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तेव्हापासून छायाचित्रणाची हौस असलेली मंडळी एकत्र येत आली आहेत. आता ती भेट मोबाइलच्या गटावर होते आणि शेरे आखूड झाले आहेत. फोटो पाठवणाऱ्याला बहुतेक वेळा गुण नको असतात. कुणीतरी तो मिनिटभर नीट पाहावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. तसे पाहून लिहिलेली दोन वाक्ये पुढचा फोटो निघायला पुरतात.